नागोरचा वेढा (1754–56): वाळवंटातील किल्ला आणि न ठरलेली मागणी

मारवाडच्या वाळवंटी मुलखातील नागोरचा किल्ला ऑक्टोबर 1754 च्या अखेरीस शिंद्यांच्या फौजेने वेढला आणि हे प्रकरण तहाने मिटेपर्यंत 1756 साल उजाडले. मधल्या काळात वेढा घालणारा सेनापती जयाप्पा शिंदे स्वतःच्या छावणीत मारला गेला, वेढ्यात सापडलेला राजा विजयसिंह रातोरात किल्ल्यातून निसटला, आणि तरीही अखेरचा तह मराठ्यांना अनुकूल झाला. सेनापती गमावला, राजा हाती लागला नाही, तट तोफांनी फुटला नाही, पण कागदावर विजय मिळाला, असा हा विलक्षण वेढा आहे. उत्तरेतील मराठी राजकारणाच्या कथनात त्याला सहसा जयाप्पाच्या खुनापुरतीच जागा मिळते. प्रस्तुत अभ्यासात खुनाच्या आधीचे नऊ महिने अधिक बारकाईने पाहिले आहेत, कारण खरा पेच तिथेच निर्माण झाला. नागोरात तटबंदी आणि वाळवंट या अडचणी होत्याच. परंतु किती पदरात पडले म्हणजे वेढा उठवायचा, हे छावणीत आणि पुण्यात एकसारखे ठरलेले नव्हते, ही त्याहून मोठी अडचण होती.

भांडणाचे मूळ

नागोर हे जोधपूरच्या राठोडांचे दुसरे केंद्र होते आणि तिथल्या भाऊबंदकीला रक्ताचा इतिहास होता. महाराजा अजितसिंह 1724 मध्ये मारला गेला तो त्याचा धाकटा मुलगा बखतसिंह याच्या हातून. थोरला अभयसिंह गादीवर बसला आणि बखतसिंहाला नागोर मिळाले. हाच अभयसिंह पुढे बादशहाच्या वतीने गुजरातचा सुभेदार झाला आणि 1732 मध्ये डाकोर येथे, बोलणी चालू असताना, त्याने पिलाजी गायकवाडाचा खून करविला. मराठी दरबाराला राठोडांची ही रीत ठाऊक होती, हे नागोरचे प्रकरण वाचताना विसरता येत नाही.

अभयसिंह 1749 मध्ये वारला आणि त्याचा मुलगा रामसिंह गादीवर आला. रामसिंह उतावळा आणि तोंडाचा फटकळ होता, त्याने बापाच्या वेळचे सरदार दुखावले, आणि काका बखतसिंहाने 1751 मध्ये त्याला जोधपुरातून हुसकावून लावले. पुढच्याच वर्षी बखतसिंह मरण पावला आणि त्याचा मुलगा विजयसिंह मारवाडचा राजा झाला. परागंदा रामसिंहाने शिंद्यांचे दार ठोठावले. म्हणजे ज्या अभयसिंहाने पिलाजीला मारविले त्याच्याच मुलाला गादीवर बसविण्यासाठी मराठी फौज वाळवंटात उतरणार होती. अठराव्या शतकातल्या राजकारणात असल्या गोष्टींचे कोणाला फारसे नवल वाटत नसे. पैसा आणि दबदबा हे दोन हिशेब जुळले की जुने वैर बाजूला पडे.

जयाप्पाचा स्वतःचा अनुभवही लक्षात घ्यायला हवा. राणोजी शिंद्यांच्या मृत्यूनंतर, 1745 पासून, शिंद्यांची सरदारी तो सांभाळत होता. जानेवारी 1751 मध्ये जयपूर शहरात मराठ्यांची अचानक कत्तल झाली तेव्हा तो त्या भागातच होता, आणि त्या प्रकारामागे जयपूरचा राजा माधोसिंह याचा हात असल्याबद्दल मराठ्यांना शंका नव्हती. ज्या माधोसिंहाला जयपूरची गादी मिळावी म्हणून होळकरांनी खटपट केली होती, त्यानेच असा हात दाखविल्यावर रजपूत राजाच्या शब्दावर विसंबून फौज मागे घेणे जयाप्पाला अवघड वाटले असेल तर ते समजण्यासारखे आहे.

त्याच्या उलट दिशेचा अनुभव कुंभेरीचा. 1754 च्या पहिल्या पाच महिन्यांत रघुनाथराव, मल्हारराव होळकर आणि जयाप्पा यांनी सूरजमल जाटाला कुंभेरीच्या किल्ल्यात कोंडले होते. मार्च महिन्यात मल्हाररावांचा मुलगा खंडेराव तिथे गोळा लागून पडला आणि मल्हाररावांनी जाटांचा समूळ उच्छेद करण्याची प्रतिज्ञा केली. किल्ला मात्र पडेना. अखेर जयाप्पाने सूरजमलाच्या बाजूने मध्यस्थी केली, 30 लाखांची खंडणी हप्त्यांनी ठरली आणि मे महिन्यात वेढा उठला. पुत्रशोकात बुडालेल्या सहकाऱ्याला न जुमानता, हट्टापेक्षा हिशेब पाहून वेढा मिटविणारा हाच सेनापती सहा महिन्यांच्या आत नागोरापुढे बसला आणि तिथे मात्र त्याला मिटविता आले नाही. होळकर आणि शिंदे यांच्यात कुंभेरीने जी फट पाडली तिच्यामुळे नागोरच्या मोहिमेत होळकरांचे बळ शिंद्यांच्या पाठीशी नव्हते.

मेडत्याची लढाई आणि नागोरकडे धाव

रामसिंहाला बरोबर घेऊन जयाप्पा 1754 च्या पावसाळ्यात मारवाडकडे वळला. विजयसिंहाच्या मदतीला बिकानेरचा गजसिंह आणि किशनगडचा बहादूरसिंह आले. सप्टेंबरच्या मध्यास मेडत्याजवळ गंगारडा येथे लढाई झाली आणि राठोडांचा मोड झाला. मारवाडात असे सांगतात की, मराठ्यांची फळी फोडून परतणाऱ्या चिलखती स्वारांना त्यांच्याच तोफखान्याने शत्रू समजून टिपले. तशीच दुसरी कथा पळणाऱ्या राजाची आहे. घोडा मेल्यावर त्याने एका जाटाची बैलगाडी भाड्याने केली, आणि आत कोण बसले आहे याची कल्पना नसलेल्या त्या जाटाने वाटभर राजाला खडसावले. कथेतले तपशील कसेही असोत, विजयसिंह जोधपूरला न जाता नागोरला गेला, हे महत्त्वाचे.

जोधपूरचा मेहरानगड हा सुमारे 400 फूट उंच कातळावरचा किल्ला. नागोर सपाट जमिनीवरचे. तरीही नागोर निवडण्यात शहाणपण होते. ते त्याच्या बापाचे घर होते, तिथली माणसे त्याच्या घराण्याशी बांधलेली होती, आणि उत्तरेला बिकानेर व पूर्वेला जयपूर अशा दोन मित्र राज्यांच्या वाटा तिथून जवळ पडत होत्या. राजा नागोरात आणि राजधानी जोधपुरात, अशी विभागणी झाल्यामुळे मराठ्यांनाही फौज वाटावी लागली. एक तुकडी जोधपूरला अडकली, एक जालोरकडे गेली, एक अजमेरकडे. मुख्य छावणी नागोराशेजारच्या ताऊसर गावापाशी पडली. जालोर आणि अजमेर मराठ्यांच्या हाती आले, त्यांपैकी अजमेर फेब्रुवारी 1755 मध्ये. परंतु ज्या एका जागेने प्रश्न सुटला असता तिच्याभोवतीचे बळ या विजयांमुळे वाढले नाही, उलट पातळ झाले.

किल्ला आणि पाणी

नागोरचा किल्ला, अहिछत्रगड, शहराच्या मध्यावर आहे. बाहेर शहराचा कोट, आत किल्ल्याची दुहेरी तटबंदी, आणि प्रवेशाच्या वाटेवर एकामागून एक दरवाजे. सिरेपोळ या बाहेरच्या दरवाज्याला हत्तींच्या धडकेविरुद्ध अणकुचीदार खिळे बसविलेले आहेत. सह्याद्रीतल्या गडांवर वाढलेल्या नजरेला हा किल्ला सोपा वाटावा. कडा नाही, दरी नाही, जंगल नाही. परंतु डोंगरी किल्ल्याला वेढा घालताना समोरच्या टेकडीवर तोफा चढविण्याची जी सोय असते ती इथे नव्हती. मोकळ्या मैदानातून तटाकडे सरकणारा प्रत्येक मोर्चा दिवसाउजेडी तटावरून दिसत होता. वाळूत खणलेले खंदक टेकू दिल्याशिवाय उभे राहत नाहीत, सुरुंगाची वाट ढासळते, आणि जड तोफांचे गाडे रुतले की त्यांना दुप्पट बैल जुंपावे लागतात. शिवाय शिंद्यांची फौज मुख्यतः घोडदळाची होती. महादजीच्या काळात उभा राहिलेला तोफखाना आणि कवायती पलटणी अजून तीस वर्षे दूर होत्या. तट फोडून घ्यायचा हा मार्ग जवळपास बंद होता. उरला तो कोंडीचा.

कोंडीत पाणी निर्णायक ठरते, आणि इथे किल्ल्याची बाजू वरचढ होती. विजयसिंहाचा बाप बखतसिंह याने नागोरात महाल आणि बागा बांधल्या तेव्हा त्यांच्या जोडीने पाण्याची सोयही वाढविली. किल्ल्यात पायऱ्यांची बावडी आहे, टाकी आहेत, पन्हाळी आहेत. छपरांवर आणि चौकांत पडणारे पावसाचे पाणी उतारावरून वळवून साठविण्याची जोडलेली व्यवस्था आहे. 1990 नंतर या किल्ल्याची जी दुरुस्ती झाली, जिला 2002 मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागातील वारसा पुरस्कार मिळाला, तिच्यात हे जुने पाट आणि हौद पुन्हा वाहते करण्यात आले. त्यामुळे ही व्यवस्था नुसती शोभेची नव्हती, हे आज तिथे जाणाऱ्याला प्रत्यक्ष पाहता येते. कारंज्यांसाठी आणि थंडाव्यासाठी केलेली रचना वेढ्यात जीव वाचविणारी ठरते. बखतसिंहाला ते ठाऊक नसण्याचे कारण नाही.

वेढा घालणाऱ्यांची स्थिती याच्या नेमकी उलट होती. घोड्याला दिवसाला साधारण 30 ते 40 लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. सर्व ठाण्यांत मिळून 10,000 घोडी धरली, तरी रोज तीन ते चार लाख लिटर पाणी ओढून काढायला हवे. वाळवंटातल्या विहिरी खोल; तिथे मोटेला जुंपलेले बैल किंवा उंट धावेवरून लांबवर चालत जातात तेव्हा एक खेप वर येते. दीडशे लिटरची मोठी मोट धरली तरी नुसत्या घोड्यांसाठी दिवसाला दोन हजारांहून अधिक खेपा होतात, आणि मोट ओढणाऱ्या बैलांनाही पाणी लागतेच. माणसे, बाजारबुणगे, सामानाचे उंट यांचा हिशेब यात धरलेलाच नाही. हा हिशेब अदमासाचा आहे. पण त्यावरून एक गोष्ट उघड होते. अशी फौज एका जागी दाट बसूच शकत नाही. तिला विहिरी आणि तळी यांच्याभोवती गावोगाव विखरून राहावे लागते, आणि फौज विखुरली की वेढ्याचे कडे विरळ होते. दाणावैरणीचेही तेच. गंगेच्या दुआबात किंवा माळव्यात मुलूख लुटून घोडी जगविता येतात. नागोरच्या आसपास बाजरी, मोठ (मटकी) आणि खेजडीचा पाला यांपलीकडे लुटण्यासारखे फारसे नसते, आणि तेही पहिल्या दोन-तीन महिन्यांत संपते.

कडे बंद झाले नव्हते याचा सर्वांत मोठा पुरावा वेढ्याच्या इतिहासातच आहे. नोव्हेंबर 1755 मध्ये, वेढ्याला वर्ष होऊन गेल्यावर, खुद्द विजयसिंह किल्ल्यातून बाहेर पडला आणि बिकानेरला पोहोचला. जिथून राजा आपल्या माणसांनिशी निसटू शकतो तिथून रात्री उंटांवर धान्याची पोती आत जात नसतील असे मानणे कठीण आहे.

पुण्याची इच्छा आणि छावणीची इच्छा

पेशवे नानासाहेबांचा हिशेब वेगळा होता. त्यांच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर होता. जून 1754 मध्ये मराठ्यांच्या पाठबळाने गाजीउद्दीन इमादुल्मुल्क वजीर झाला होता आणि दुसरा आलमगीर तख्तावर बसला होता, तेव्हा त्या उलथापालथीचे मोल वसूल करायचे होते. प्रयाग आणि काशी ही क्षेत्रे ताब्यात यावीत ही त्यांची जुनी आस होती. या सगळ्यात मारवाडच्या गादीवर कोणता चुलतभाऊ बसतो याला दुय्यम महत्त्व होते. दोघांत राज्य वाटून द्यावे, पैसा पदरात पाडून घ्यावा आणि फौज मोकळी करावी, असा पुण्याचा कल होता.

छावणीत बसलेल्या जयाप्पाला प्रश्न तसा दिसत नव्हता. रामसिंहाला त्याने शब्द दिला होता आणि तो शब्द उत्तर हिंदुस्थानात सर्वांना ठाऊक होता. मेडत्याला निर्णायक विजय मिळाल्यावर अर्ध्यावर समाधान मानले तर शिंद्यांचे वजन कमी होणार, आणि रजपूत राजे हप्ते बुडविण्यात तरबेज आहेत हा अनुभव गाठीशी होता. त्यामुळे गादी रामसिंहाची आणि वर खंडणीही, अशी मागणी पुढे आली. विजयसिंहाला खंडणी देणे जड असले तरी अशक्य नव्हते. गादी सोडणे मात्र त्याच्या दृष्टीने मरणासारखे होते. मागणीतला हा दुसरा भाग जोवर होता तोवर किल्ला लढविण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हते.

माझ्या मते वेढ्यातला सर्वांत चांगला क्षण फेब्रुवारी ते मार्च 1755 हा होता. अजमेर नुकतेच हाती आले होते, मेडत्याचा धाक ताजा होता, जयपूरकडून मदतीची फौज निघाली नव्हती, आणि उन्हाळा तोंडावर असल्यामुळे मराठ्यांनाही मिटविण्यात लाभ होता. अजमेर कायमचे, मोठी खंडणी आणि रामसिंहाला जालोरसारखा भक्कम वाटा, एवढ्यावर तेव्हा तह होणे शक्य कोटीतले होते. तो झाला नाही. उन्हाळा सरला, छावणीतली माणसे आणि जनावरे होरपळली, पगार थकले, आणि जुलैच्या पावसाने किल्ल्याला पाण्याचा नवा आधार दिला. कुंभेरीत दुसऱ्याच्या हट्टातला तोटा जयाप्पाला स्पष्ट दिसला होता; नागोरात हट्ट त्याचा स्वतःचा होता आणि तो दाखवून देणारा बरोबरीचा सरदार छावणीत नव्हता. मल्हाररावांशी बिघडल्याची किंमत इथे मोजावी लागली असे म्हणता येते. धाकटा भाऊ दत्ताजी शूर होता. थोरल्या भावाला थांबवील असा त्याचा पिंड नव्हता.

ताऊसरचा खून

बोलणी मात्र अधूनमधून चालूच होती. नागोरचे वकील छावणीत येत-जात होते, आणि उदेपूरच्या राण्याच्या वतीने सलूंबरचे रावत मध्यस्थीसाठी येऊन राहिले होते. वेढा रेंगाळला की छावणीचे गाव बनते; बाजार लागतो, गोसावी, व्यापारी, वकील, भिकारी यांची ये-जा अंगवळणी पडते आणि चौकी-पहारा सैल होतो. जुलै 1755 च्या उत्तरार्धात एका सकाळी जयाप्पावर कट्यारीचे वार झाले आणि तो मारला गेला.

नेमके काय घडले याच्या दोन परंपरा आहेत. मराठी बाजूच्या हकिकतीप्रमाणे नागोरची वकील मंडळी बोलण्यासाठी आली होती, स्नान आटोपत असलेल्या जयाप्पाशी त्यांची बोलाचाली झाली आणि त्या मंडळींतील माणसांनी त्याला भोसकले. मारवाडी परंपरेत दोन शिपाई किरकोळ दुकानदारांचा वेष घेऊन छावणीत राहिले, आपसातल्या भांडणाचा न्याय मागण्याच्या मिषाने सेनापतीच्या डेऱ्यापाशी आले आणि एकाने नागोरच्या नावाने, दुसऱ्याने जोधपूरच्या नावाने वार केला. दुसरी हकिकत कथेच्या साच्यात अगदी चपखल बसते, म्हणूनच ती जरा जपून घ्यावी. दोन्ही परंपरा एका मुद्द्यावर जुळतात: मारेकरी छावणीत उघडपणे वावरत होते. तोफ, सुरुंग, शिडी यांतले काहीही निर्णायक न ठरलेल्या या वेढ्यात बोलण्यांसाठी उघडी ठेवलेली वाट निर्णायक ठरली.

या खुनामागे विजयसिंह आहे अशी मराठ्यांची खात्री होती आणि मारवाडी कथनही ते नाकारत नाही. छावणीत एकच हलकल्लोळ उडाला. संतापलेल्या शिपायांनी समोर दिसेल त्या रजपुताला कापले आणि त्यात सलूंबरचे रावतही बळी पडले. ते उदेपूरचे वकील होते. त्यांच्या मृत्यूने मराठ्यांनी मध्यस्थाचाच जीव घेतल्याचा डाग लागला. डाकोरच्या प्रकारानंतर मराठी छावण्यांत वकिलांच्या भेटीगाठींविषयी अधिक खबरदारी असायला हवी होती, हा आक्षेप मात्र छावणीच्या व्यवस्थेवर येतो, आणि तो टाळता येत नाही. जयाप्पाची छत्री आजही ताऊसरला आहे.

दत्ताजीचे चार महिने

विजयसिंहाचा अंदाज असा असावा की सेनापती पडला म्हणजे फौज फुटेल. हिंदुस्थानातल्या लढायांत हे पुष्कळदा घडे. इथे तसे झाले नाही. जयाप्पाचा मुलगा जनकोजी त्या वेळी दहा वर्षांच्या आतबाहेरचा होता; सरदारी त्याच्या नावे झाली आणि कारभार दत्ताजीने हाती घेतला. वारसाचा प्रश्न तासाभरात सुटावा अशी ही घरगुती शिस्त शिंद्यांच्या फौजेचे मोठे बळ होते, आणि 1755 च्या पावसाळ्यात ती नसती तर वेढा त्याच आठवड्यात उठला असता.

खुनाने आणखी एक गोष्ट बदलली. आतापर्यंत नागोर हे शिंद्यांचे खाजगी लचांड वाटत होते. आता ते सबंध दौलतीच्या अब्रूचे प्रकरण झाले. पुण्याहून कुमक पाठविण्याचे हुकूम सुटले आणि दिल्लीकडे असलेला अंताजी माणकेश्वर फौजेनिशी मारवाडकडे आला. दुसऱ्या बाजूला माधोसिंहाने जयपूरची फौज अनिरुद्धसिंह खंगारोताच्या हाताखाली विजयसिंहाच्या मदतीला धाडली. दत्ताजीने वेढ्यावर माणसे ठेवून ऑक्टोबरात डिडवाण्याच्या बाजूला या फौजेला गाठले आणि मोडले. वेढ्याचे भवितव्य खऱ्या अर्थाने इथे ठरले, कारण बाहेरून मदत येणार नाही हे आता किल्ल्यातल्या माणसांना कळून चुकले. घोडदळाच्या या फौजेला जे जमत नव्हते ते तट फोडणे होते. जे उत्तम जमत होते ते उघड्या मैदानावर मदतीची फौज गाठणे होते. वर्षभर पहिल्याचा खटाटोप चालला होता. दत्ताजीला परिस्थितीने दुसऱ्याकडे वळविले.

पुढच्या महिन्यात विजयसिंह बिकानेरला निघून गेला. तिथून त्याने जयपूरची मदत पुन्हा मिळविण्याचा प्रयत्न केला, पण एकदा मार खाल्लेला माधोसिंह फारसा पुढे येईना. किल्ल्यातली शिबंदी टिकून होती, तरी धान्य संपत आले होते. अखेर 1756 च्या आरंभी तह ठरला.

तह आणि त्याची किंमत

तहाने विजयसिंहावर 50 लाखांची खंडणी बसली, अजमेर मराठ्यांना मिळाले, आणि रामसिंहाला जालोरसह मारवाडचा जवळपास अर्धा हिस्सा द्यायचे ठरले. जोधपूर आणि नागोर विजयसिंहाकडेच राहिले. म्हणजे ज्या गादीसाठी वेढा लांबला ती रामसिंहाला मिळाली नाहीच. मिळाली ती वाटणी, आणि वाटणी करावी असा पुण्याचा कल तर आधीपासून होता. खंडणीचा आकडा खुनामुळे वाढला असेल, पण आकडा आणि वसुली यांत नेहमीप्रमाणे मोठे अंतर राहिले. फौज पाठमोरी झाल्यावर विजयसिंहाने रामसिंहाचा हिस्सा हळूहळू गिळला आणि रामसिंहाने उरलेले आयुष्य जयपूरच्या आश्रयाने काढले.

अजमेर ही या प्रकरणातली टिकाऊ प्राप्ती. मारवाड, मेवाड आणि ढुंढाड (जयपूरचा मुलूख) यांच्या सांध्यावरचे हे ठाणे शिंद्यांच्या राजपुतान्यातील वसुलीचा आधार बनले. 1787 मध्ये, लालसोटच्या लढाईनंतर मराठ्यांचा जम ढळला तेव्हा, विजयसिंहाने ते परत घेतले. सप्टेंबर 1790 मध्ये महादजीच्या, द बॉयन या युरोपीय सेनानीने चालविलेल्या पलटणींनी मेडत्यावर राठोडांना पुन्हा हरविले आणि अजमेर परत शिंद्यांकडे आले. तिथून ते 1818 मध्ये इंग्रजांकडे गेले. जयाप्पाने पहिल्या मेडत्यानंतर जे केले नाही ते महादजीने दुसऱ्या मेडत्यानंतर केले: विजय ताजा असताना, राजा तोच ठेवून, पैसा आणि अजमेर एवढ्यावर तह केला. सावत्र भावाच्या खुनाची आठवण असूनही त्याने विजयसिंहाला गादीवरून काढण्याचा विषय ताणला नाही. या दोन तहांतल्या फरकावर जितका विचार व्हायला हवा तितका झालेला नाही.

वेढ्याच्या खर्चाची बाजू तहनाम्यात येत नाही. शिंद्यांचे मुख्य बळ जवळपास दीड वर्ष एका वाळवंटी शहराभोवती अडकले, आणि त्या काळात दिल्लीत उभी केलेली व्यवस्था सांभाळायला पुरेशी मराठी फौज तिथे नव्हती. रघुनाथराव 1755 मध्येच दक्षिणेत परतले होते. नागोरचे काम संपवून दत्ताजीही 1756 मध्ये दक्षिणेकडे निघून गेला. वर्ष संपता संपता अब्दाली पंजाबात उतरला, आणि जानेवारी 1757 मध्ये तो दिल्लीवर आला तेव्हा त्याला तोंड द्यायला पुढे होता तो थोड्या फौजेचा अंताजी माणकेश्वर, जो सव्वा वर्षापूर्वी नागोरच्या कुमकेला धावला होता. नागोर नसते तर अब्दालीला अडविता आले असते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण फौजा दक्षिणेत परतण्याची कारणे कर्जात आणि निजामाच्या राजकारणात होती. राजपुतान्यापुरता परिणाम मात्र नागोरचाच म्हणता येतो. 1761 मध्ये पानिपतावर मराठे उभे राहिले तेव्हा माधोसिंह किंवा विजयसिंह यांपैकी कोणीही त्यांच्या बाजूला नव्हते. विजयसिंहाला त्या वेळी मराठ्यांचा पराभव हवासा वाटला असेल तर त्याची कारणे त्याला दूर शोधावी लागली नसतील. त्याने स्वतः नागोरच्या तटाआड तेरा महिने काढले होते.